राणीचे पाणी

(घरात मासे पाळण्याचा छंद अनेकांना असतो. काचेच्या पेटीत फिरणारे रंगीत मासे पाहून मन प्रसन्न होते. परंतु मासे पाळणे म्हणजे त्यांना नुसते खाऊ घालणे नव्हे. स्वोर्डटेल जातीचे मासे पाळताना लेखिकेकडून लहानपणी एक मोठी चूक झाली. ती चूक कोणती, ती कशी सुधारली आणि त्यातून लेखिका काय शिकली, हे या पाठात सांगितले आहे.)

मी सातवीत जाणार होते तेव्हाची गोष्ट. आम्ही भिवंडीला एका चाळीत राहत होतो. अब्बा यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला होते. घर दोन खोल्यांचे. घरात दादी, अब्बा, अम्मी, मी आणि धाकटा भाऊ मुन्ना अशी पाच माणसे.

सहावीच्या परीक्षेत मला चांगले गुण मिळाले. अब्बा खूश झाले. त्यांनी विचारले, "बोल बेटा, तुला काय पाहिजे?"

मी लगेच म्हणाले, "काचेच्या पेटीतले मासे!"

अब्बांनी थोडा विचार केला. मग ते म्हणाले, "ठीक आहे. पेटी घेऊ, मासेही घेऊ. पण मासे एकदाच आणायचे. तुझ्या निष्काळजीपणामुळे मेले, तर पुन्हा आणणार नाही. जीव म्हणजे खेळणे नव्हे."

मी आनंदाने मान हलवली. त्या वेळी त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला कळला नव्हता.

काचेच्या दुकानदाराने पेटी बनवून दिली. ती ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ३५ सेंटिमीटर उंच होती. मामूंनी पेटीत धुतलेली जाड वाळू पसरली. हवेचा छोटा पंप आणि स्पंजचा फिल्टर बसवला. दोन दिवस अगोदर पेटीत पाणी भरून ठेवले. "पाणी आधी का भरायचे?" असे मी विचारले नाही. मला फक्त माशांची घाई होती.

रविवारी मी मामूंबरोबर मुंबईला गेले. महात्मा जोतिबा फुले मंडई, म्हणजेच क्रॉफर्ड मार्केट, येथे रंगीत माशांची दुकाने आहेत. एका पेटीत लालभडक मासे पोहत होते. काहींच्या शेपटीचा खालचा भाग तलवारीसारखा लांब आणि टोकदार होता.

दुकानदार म्हणाला, "हे स्वोर्डटेल. इंग्रजीत स्वोर्ड म्हणजे तलवार आणि टेल म्हणजे शेपटी."

तलवार हा शब्द तर आमच्या घरातलाच! मला फार गंमत वाटली. मी म्हणाले, "मला तलवारवालेच सहा मासे द्या. बाकीचे नकोत."

दुकानदार हसला. "बेटी, तलवार फक्त नराला असते. नुसते नर नेलेस तर ते आपसांत भांडतील. एका नरामागे दोन-तीन माद्या असाव्यात."

शेवटी आम्ही दोन नर आणि चार माद्या घेतल्या. माद्यांकडे मी नीट पाहिलेसुद्धा नाही. तलवार नसलेल्या माशात काय पाहायचे, असे मला वाटले.

दुकानदाराने प्लॅस्टिकच्या पिशवीत थोडे पाणी आणि वर भरपूर हवा भरून मासे दिले. लोकलने कल्याण आणि तेथून एस.टी.ने भिवंडी, अशा प्रवासात मी ती पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. घरी आल्यावर मामूंनी बंद पिशवी वीस मिनिटे पेटीतील पाण्यावर तरंगत ठेवली. मग पिशवीत पेटीतले पाणी थोडे थोडे घातले आणि मासे हळूच सोडले. मासे वाळूजवळ जाऊन लपले. थोड्या वेळाने एक मोठी मादी धीटपणे पुढे आली. मुन्ना ओरडला, "ही राणी!" तिचे नाव राणी पडले.

आठवडाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. सकाळी मी दाणे घाली. शाळेला सुटी असल्याने मुन्ना दुपारी दोन-तीन वेळा घाली. अम्मीला वाटे, आज कोणी घातलेच नाहीत. तीही चिमूटभर घाली. दादी तर चहाबरोबरच्या पावाचा तुकडा कुस्करून टाकत. मासे प्रत्येक वेळी वर येत आणि तोंड उघडत. आम्हांला वाटे, बिचारे भुकेले आहेत.

नवव्या दिवशी पाणी गढूळ झाले. त्याला वासही येऊ लागला. त्याच दिवशी संध्याकाळी खाला आमच्याकडे येणार होती. तिला चकचकीत पेटी दाखवायची असे मी ठरवले. मी सगळे मासे बादलीत काढले. पेटी पूर्ण रिकामी केली. काच, वाळू आणि स्पंज कपडे धुण्याच्या पावडरने घासून काढले. नळाला नुकतेच पाणी आले होते. पेटी त्या पाण्याने काठोकाठ भरली आणि मासे सोडले.

पेटी आरशासारखी चमकू लागली. खालाने माझी पाठ थोपटली. मी अगदी फुशारून गेले.

रात्री झोपताना पाहिले, तर सगळे मासे पाण्याच्या वर येऊन भराभर तोंड उघडत होते. मला वाटले, त्यांना भूक लागली आहे. मी आणखी दाणे घातले आणि झोपले.

सकाळी मुन्नाच्या रडण्याने मला जाग आली. पाच मासे पाण्यावर उलटे तरंगत होते. दोन्ही नर गेले होते. फक्त राणी एका कोपऱ्यात पंख मिटून बसली होती.

अब्बा कामावर निघाले होते. त्यांनी पेटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता ते निघून गेले. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते.

दादी माझ्याजवळ आल्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बेटा, त्यांना ओरडता आले असते, तर त्यांनी रात्रीच आपल्याला उठवले असते."

आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर एक काका राहत. ते पाणीपुरवठा खात्यात नोकरीला होते. त्यांच्याकडेही मासे होते. मुन्ना धावत जाऊन त्यांना घेऊन आला. काकांनी पेटीतील पाण्याचा वास घेतला आणि विचारले, "सगळे पाणी एकदम बदललेस का?"

"हो काका. आणि सगळे साबणाने स्वच्छ धुतले," मी रडत रडत सांगितले.

काका मुळीच रागावले नाहीत. ते वर गेले आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या पाण्याच्या दोन बादल्या घेऊन आले. एका बादलीत त्यांनी राणीला हलकेच सोडले. मग आम्ही पेटीतील साबणाचा अंश जाईपर्यंत वाळू आणि काच साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली. काकांच्या बादलीतले पाणी पेटीत भरले. शेवटी काकांनी आपल्या फिल्टरचा मळकट स्पंज आणून आमच्या पेटीत पिळला.

मी चकित झाले. "काका, घाण पाण्यात का टाकता?"

"ही घाण नाही, ही पेटीची सफाई फौज आहे," काका म्हणाले. "नीट ऐक. मासे पाण्यातच श्वास घेतात आणि पाण्यातच मलमूत्र टाकतात. उरलेले दाणेही पाण्यातच कुजतात. या सर्वांतून अमोनिया नावाचा विषारी पदार्थ तयार होतो. पाण्यातले काही सूक्ष्म जीवाणू अमोनियापासून नायट्राइट तयार करतात. तेही माशांना घातकच असते. मग दुसरे जीवाणू नायट्राइटपासून नायट्रेट तयार करतात. ते त्या मानाने खूपच कमी घातक. थोडे नायट्रेट पाणवनस्पती शोषून घेतात. उरलेले आपण थोडे थोडे पाणी बदलून काढून टाकतो."

"हे जीवाणू कोठे राहतात?"

"स्पंजमध्ये, वाळूवर, काचेवर. नव्या पेटीत ते पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तुझ्या पेटीत ते नुकतेच वाढू लागले होते. तू त्यांना साबणाने धुऊन टाकलेस. शिवाय साबण स्वतःच माशांना विष आहे."

"आणि नळाचे पाणी? ते तर आम्ही पितो!"

"नळाच्या पाण्यात आम्ही क्लोरीन मिसळतो. त्याने रोगजंतू मरतात आणि पाणी पिण्यायोग्य होते. पण तोच क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. मग माशांना श्वास घेता येत नाही. म्हणून ते वर येऊन तोंड उघडत होते. पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवले की क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर क्लोरीन घालवणारे औषध दुकानात मिळते. ते बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच घालावे."

आता मला मामूंनी दोन दिवस आधी भरलेल्या पाण्याचे कारण समजले. रात्री राणीने तोंड उघडले, ते भुकेने नव्हते. तिचे ते मुके बोलणे मला कळले नव्हते.

निघताना काका म्हणाले, "एक गोष्ट लक्षात ठेव. मासे सांभाळायचे म्हणजे पाणी सांभाळायचे. पाणी नीट असेल, तर मासा स्वतःची काळजी घेतो."

मी वहीत नियम लिहून काढले आणि ते पान पेटीजवळ चिकटवले :

१. दाणे दिवसातून दोनदाच घालावेत. दोन मिनिटांत संपतील एवढेच घालावेत. उरलेले दाणे लगेच काढावेत.

२. सगळे पाणी कधीही एकदम बदलू नये. दर आठवड्याला सुमारे पाव भाग पाणी बदलावे. नवे पाणी एक दिवस ठेवलेले असावे. ते पेटीतील पाण्यापेक्षा फार थंड किंवा गरम नसावे.

३. साबण, सोडा किंवा धुण्याची पावडर पेटीला लावू नये. स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

४. पाण्याचे तापमान २२ ते २८ अंश सेल्सिअस असावे. पेटीवर कडक ऊन पडू देऊ नये. उन्हाने पाणी तापते आणि शेवाळ वाढते.

५. पेटीवर झाकण असावे. स्वोर्डटेल चांगली उडी मारतो.

६. दिवसातून एकदा पाच मिनिटे फक्त पाहावे. पंख मिटलेले आहेत का, मासा वर येऊन धापा टाकतो का, अंगावर पांढरे ठिपके आहेत का, हे पाहावे.

सहावा नियम दादींनी सांगितला होता. दाणे घालण्याचे काम आता मुन्नाकडे आणि माझ्याकडेच राहिले. दादींचा पाव बंद झाला.

स्वोर्डटेल सर्व प्रकारचे अन्न खातो. आम्ही राणीला दाण्यांबरोबर कधी उकडलेल्या पालकाचा तुकडा, तर कधी सोललेला मऊ वाटाणा देत असू. काकांनी दिलेल्या हायड्रिला या पाणवनस्पतीच्या काड्याही पेटीत वाढू लागल्या. हळूहळू राणीने पंख पसरले. ती पूर्वीसारखी पोहू लागली. पण एवढ्या मोठ्या पेटीत ती एकटीच होती. अब्बांना आणखी मासे मागण्याचे धैर्य मला झाले नाही.

तीन आठवडे गेले. राणीचे पोट मोठे झाले. पोटाच्या मागच्या बाजूला एक काळसर डाग दिसू लागला. मला वाटले, राणी आजारी आहे. मी काकांना बोलावले. काकांनी पाहिले आणि ते हसू लागले.

"अगं, आजारी कसली? राणी आई होणार आहे!"

"पण काका, नर तर केव्हाच मेले!"

"हीच तर या माशाची गंमत. बहुतेक मासे अंडी घालतात. स्वोर्डटेलची मादी मात्र पिलांना जन्म देते. पिले साधारण चार आठवडे तिच्या पोटात वाढतात. शिवाय नराचे बीज मादीच्या शरीरात कित्येक महिने साठून राहू शकते. त्यामुळे नर नसतानाही तिला पुन्हा पुन्हा पिले होतात."

दोन दिवसांनी पहाटे मुन्नाने मला उठवले. हायड्रिलाच्या काड्यांत डोळे चमकत होते! इवलीशी, जेमतेम वाटाण्याएवढी लांब पिले तिथे लपली होती. आम्ही मोजली. तेवीस होती.

तेवढ्यात राणी एका पिलामागे धावली. मुन्ना घाबरला. काकांनी सांगितलेच होते की, स्वोर्डटेल आपलीच पिले खातो. त्याला आपले-परके कळत नाही. आम्ही राणीला लगेच काकांच्या पेटीत पाठवले. आमची पेटी पिलांसाठी ठेवली. दाण्यांची बारीक पूड करून ती दिवसातून चार वेळा अगदी थोडी देऊ लागलो.

आमच्याकडे तेव्हा वीज वरचेवर जात असे. एका रात्री वीज गेली आणि हवेचा पंप थांबला. उकाडा खूप होता. अर्ध्या तासाने पिले पाण्याच्या वर येऊ लागली. हे दृश्य मी पूर्वी पाहिले होते. या वेळी मी झोपले नाही. मेणबत्ती लावली, पेला घेतला आणि पेटीतले थोडे पाणी उचलून ते उंचावरून पुन्हा पेटीत हळूहळू ओतू लागले. असे केल्याने पाण्यात हवा मिसळते, हे काकांनी शिकवले होते.

वीज गेली की कारखान्यातले मागही थांबत. त्यामुळे अब्बा लवकर घरी आले. त्यांनी मेणबत्तीच्या उजेडात मला पाहिले.

"किती वेळ करते आहेस?"

"एक तास झाला, अब्बा."

अब्बांनी हात धुतले. माझ्या हातातला पेला घेतला आणि म्हणाले, "जा, तू झोप." वीज पहाटे चार वाजता आली. तोपर्यंत अब्बा पेटीजवळ बसून पाणी ओतत होते.

तेवीसपैकी चौदा पिले मोठी झाली. तीन-चार महिन्यांनी काहींच्या शेपटीला खाली छोटेसे टोक दिसू लागले. ते टोक हळूहळू लांब झाले. एके दिवशी मुन्ना नाचत नाचत ओरडला, "तलवार आली! तलवार आली!" ज्या राणीला तलवार नाही म्हणून मी नीट पाहिले नव्हते, तिच्याच मुलांना या तलवारी आल्या होत्या.

राणीला पुन्हा पिले झाली. पेटीत गर्दी होऊ लागली. मुन्ना म्हणाला, "काही मासे कामवारी नदीत सोडून देऊ. तिथे ते मजेत राहतील."

काका गंभीर झाले. "असे कधीही करू नका. हा मासा आपल्या नदीतला नाही. तो तिथे जगला, तर आपल्या माशांचे अन्न आणि त्यांची पिले खाईल. न जगला, तर बिचारा मरेल. दोन्ही वाईटच."

काकांचे म्हणणे खरे होते. पुढे शिक्षिका झाल्यावर मी या माशाविषयी वाचले. स्वोर्डटेलचे मूळ घर मेक्सिको आणि ग्वाटेमाला, बेलिझ, होंडुरास या देशांत आहे. तिथल्या ओढ्यांत आणि नद्यांत तो राहतो. तिथे त्याचा रंग हिरवट असतो आणि अंगावर लाल पट्टा असतो. आपण पाहतो ते लालभडक मासे माणसाने निवड करून तयार केले आहेत. कार्ल हेलर या ऑस्ट्रियन निसर्ग अभ्यासकाने मेक्सिकोतून या माशाचे नमुने गोळा केले होते. १८४८ मध्ये योहान हेकेल या शास्त्रज्ञाने माशाला हेलर यांच्या नावावरून 'झिफोफोरस हेलेरी' हे शास्त्रीय नाव दिले. झिफोफोरस म्हणजे तलवार धारण करणारा. ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, हवाई बेटे अशा ठिकाणी हा परका मासा नद्या-ओढ्यांत पसरला आहे.

आम्ही जास्तीचे मासे शेजाऱ्यांना आणि मैत्रिणींना दिले. प्रत्येकीला माशांबरोबर नियमांचे एक पानही दिले. जिने एक दिवस आधी पाणी भरून ठेवले असेल, तिलाच मासे द्यायचे, असे मी ठरवले होते.

राणी त्यानंतर आणखी अडीच वर्षे जगली. अब्बांनी आपला शब्द पाळला. त्यांनी पुन्हा मासे विकत आणले नाहीत. आणावे लागलेच नाहीत.

आजही माझ्या घरी एक पेटी आहे. पेटीजवळ झाकण नसलेली एक बादली पाण्याने भरून ठेवलेली असते. पाहुणे विचारतात, "हे पाणी कशासाठी?" मी म्हणते, "हे राणीचे पाणी."

शब्दार्थ

निष्काळजीपणा – काळजी न घेणे
गढूळ – अस्वच्छ, मळकट
फुशारून जाणे – स्वतःचा अभिमान वाटणे
कल्ला – माशाचा श्वास घेण्याचा अवयव
घातक – नाश करणारे, जीव घेणारे
शोषून घेणे – ओढून आत घेणे
धापा टाकणे – जोरजोरात श्वास घेणे
शेवाळ – पाण्यात किंवा ओलसर जागी वाढणारी हिरवी वनस्पती
इवलेसे – अगदी लहान
वरचेवर – पुन्हा पुन्हा

टिपा

यंत्रमाग – विजेवर चालणारा, कापड विणण्याचा माग. भिवंडी शहर यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे.
क्लोरीन – पाणी जंतुरहित करण्यासाठी वापरला जाणारा वायू.
जीवाणू – डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म जीव. सर्वच जीवाणू रोग पसरवत नाहीत. काही उपयोगी असतात.

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) लेखिकेचे अब्बा कोठे काम करत होते?
(२) स्वोर्डटेल माशात तलवार कोणाला असते?
(३) सकाळी कोणता मासा जिवंत होता?
(४) नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशाच्या कोणत्या अवयवाला इजा करतो?
(५) लेखिका कोणाला मासे देत असे?

प्रश्न २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) पेटीतील पाणी नवव्या दिवशी गढूळ का झाले?
(२) काकांनी आपल्या फिल्टरचा स्पंज पेटीत का पिळला?
(३) नर नसतानाही राणीला पिले कशी झाली?
(४) वीज गेली तेव्हा लेखिकेने काय केले?
(५) स्वोर्डटेल मासे नदीत का सोडू नयेत?

प्रश्न ३. सहा-सात वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) पेटी स्वच्छ करताना लेखिकेच्या कोणकोणत्या चुका झाल्या?
(२) 'मासे सांभाळायचे म्हणजे पाणी सांभाळायचे,' हे काकांचे म्हणणे तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

प्रश्न ४. कोण कोणाला म्हणाले?
(१) "जीव म्हणजे खेळणे नव्हे."
(२) "त्यांना ओरडता आले असते, तर त्यांनी रात्रीच आपल्याला उठवले असते."
(३) "जा, तू झोप."
(४) "काही मासे कामवारी नदीत सोडून देऊ."

प्रश्न ५. रिकाम्या जागा भरा.
(१) दर आठवड्याला सुमारे ______ भाग पाणी बदलावे.
(२) स्वोर्डटेलची पिले साधारण ______ आठवडे मादीच्या पोटात वाढतात.
(३) अमोनियापासून नायट्राइट आणि नायट्राइटपासून ______ तयार होते.

प्रश्न ६. वाक्यात उपयोग करा.
पाठ थोपटणे, शब्द पाळणे, चकित होणे, धापा टाकणे.

प्रश्न ७. वाचा व लक्षात ठेवा.
मासा – माशाला – माशांना
पेटी – पेटीला – पेट्यांना
याप्रमाणे पुढील शब्दांची रूपे लिहा : पिशवी, मादी, घोडा, नळ.

प्रश्न ८. विरुद्धार्थी शब्द लिहा.
स्वच्छ, थंड, जिवंत, उपयोगी, आपले.

प्रश्न ९. 'तलवार' हा शब्द मराठीत आणि उर्दूतही आहे. या पाठात असे आणखी शब्द आहेत. त्यांपैकी पाच शोधा व वहीत लिहा.

प्रश्न १०. लेखिकेच्या पेटीची लांबी, रुंदी व उंची पाठात दिली आहे. पेटी काठोकाठ भरली, तर तिच्यात किती लीटर पाणी मावेल? (१ लीटर = १००० घन सेंटिमीटर)

उपक्रम : तुमच्या घरी किंवा शेजारी पाळलेला पक्षी, प्राणी किंवा मासा रोज पाच मिनिटे, असे सात दिवस पाहा. तो न बोलता काय सांगतो, ते रोज दोन मराठी वाक्यांत लिहा.